पत्रातला 'तू' कुठे गेला?

कृष्णाकाठ

दिवाळीआधी माळा आवरायला काढला. जुन्या पत्र्याच्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूखाली, सुतळीनं बांधलेला निळ्या आंतर्देशीय पत्रांचा गठ्ठा सापडला. मोजली तर ६१ पत्रं. सगळी १९९६ ते १९९८ मधली. लग्न झालं तेव्हा हे चंद्रपूरला वीज केंद्रात नोकरीला होते आणि मी मिरज तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत. अडीच वर्षं आम्ही असे दोन टोकांना राहिलो. पत्र पोहोचायला पाच-सहा दिवस लागायचे. रात्री अकरानंतर एसटीडीचा दर पाव व्हायचा, रविवारी तेव्हा बूथसमोर रांग असायची. काचेच्या केबिनमध्ये लाल आकडे पळताना बघत बोलायचं, म्हणजे निम्मं बोलणं गिळूनच टाकायचं. खरं बोलणं पत्रातच झालं.

माळ्यावरच बसून पत्रं वाचली. दुपारचा स्वयंपाक राहिला. लक्षात आलं ते असं, की पत्रात मी त्यांना 'तू' म्हणते आहे. "तू जेवलास का, की मेसचं जेवण बघून परत उपाशी झोपलास?" सासरी आले की सासूबाईंसमोर 'अहो', आणि कागदावर 'तू'. मला कोणी सांगितलं नव्हतं तसं लिहायला. पहिल्याच पत्रात आपोआप झालं असणार. त्यांनीही कधी हटकलं नाही. उलट एका पत्रात कडेच्या घडीवर बारीक अक्षरात लिहिलंय, "तुझा तू आवडतो."

१९९८ च्या शेवटी त्यांची बदली इकडे झाली. आम्ही सांगलीच्या घरात, सासू-सासऱ्यांसोबत, एका छपराखाली आलो. पुढच्या वर्षी लेक झाली. आणि तो 'तू' संपला. भांडण नाही, कसला प्रसंग नाही. पत्र लिहायचं कारण उरलं नाही, एवढंच. 'अहो' राहिला. लेक बोलायला लागल्यावर तो 'अहो बाबा' झाला आणि मी 'आई' झाले. ते मला खरोखर 'आई' म्हणून हाक मारतात. माझं नाव त्यांनी शेवटचं कधी घेतलं, ते दोन दिवस आठवून बघते आहे.

काल रात्री आमच्या दोघांचं व्हॉट्सअ‍ॅप उघडलं आणि मागचे दोनशे मेसेज वाचले. "दूध अर्धा लिटर जास्त." "गॅसचा नंबर लागला का?" "हो." "आईंची बीपीची गोळी संपली." "बँकेत केवायसी." "ओके." दोनशेमध्ये तीन मेसेज असे निघाले ज्यात काम नव्हतं. त्यातला एक पावसाचा फोटो होता. मी पाठवलेला. त्यावर उत्तर नव्हतं.

आमचं वाईट चाललेलं नाही. ते चांगले आहेत, सासऱ्यांच्या शेवटच्या आजारपणात मला एक रात्र जागू दिली नाही. तरी ही पत्रं लिहिणारी दोन माणसं आता कुठे आहेत, असं वाटून रडू आलं. तुमच्याकडे बोलणं कसं बदलत गेलं? कुठल्या वळणावर बदललं ते सांगता येतं का?

रात्रपाळी

ताई, वाचून माझंही काम राहिलं.

आमच्या लग्नाला पाचच वर्षं झालीत, पण वळण मला नेमकं सांगता येतं. लग्नाआधी दोन वर्षं आम्ही रोज रात्री फोनवर असायचो. २०१६ मध्ये जिओ आल्यावर बोलण्याचा हिशोबच राहिला नव्हता. फोन चालू ठेवून दोघं झोपून जायचो. तुमच्या लाल आकड्यांच्या अगदी उलट.

२०२० च्या जानेवारीत लग्न झालं आणि मार्चमध्ये लॉकडाऊन. वन बीएचके, दोघांचे लॅपटॉप, दोघांच्या कानात हेडफोन. चोवीस तास चारशे चौरस फुटांत, आणि आयुष्यातलं सगळ्यात कमी बोलणं त्या काळातलं. तो म्यूटवर आहे की नाही हे बघितल्याशिवाय "चहा घेतोस का" एवढंही विचारता यायचं नाही. मग हातवारे सुरू झाले. पुढे हातवारेही कामापुरतेच राहिले.

आता त्याची यूएस शिफ्ट आहे. पहाटे साडेतीनला हिंजवडीहून कॅब येते, मी सव्वाआठला निघते. आठवड्यातले पाच दिवस आम्ही एकमेकांना झोपलेलंच बघतो. यातून निघाला तो व्हॉइस नोटचा मार्ग. मी स्कूटर लावून ऑफिसच्या पायऱ्या चढण्याआधी चार मिनिटं बोलून पाठवते, तो रात्रीच्या जेवणाच्या सुट्टीत ऐकतो. नियम एकच ठरवलाय, व्हॉइस नोटमध्ये काम सांगायचं नाही. कामाला फ्रिजवरचा पांढरा फळा आहे. त्या फळ्यानं आमचा संसार वाचवला असं मी मनापासून मानते.

एक विचारू? तुमच्या पत्रांमध्ये कामं नव्हती का?

कृष्णाकाठ

@रात्रपाळी, होती की. "प्रॉव्हिडंट फंडाचा फॉर्म भरून पाठव", "दादांना दोनशे रुपये दे". पण ती शेवटच्या घडीवर, जागा उरली तर. आधी बाकीचं सगळं. आता ती शेवटची घडीच तेवढी शिल्लक राहिल्यासारखं झालंय.

गोदाकाठचा आजोबा

माझं वय ७४. लग्न १९७५ चं, येत्या वैशाखात ५१ वर्षं होतील. मी कमी लिहितो, पण या विषयावर लिहायलाच हवं, कारण आमच्या घरी बोलणं ज्या कारणानं आटलं ते कारण कोणाच्या ध्यानातच येत नाही.

साठीनंतर आमच्या हिची एक तक्रार वाढत गेली. "तुम्ही ऐकत नाही." मला वाटायचं, एवढं ऐकतो की. ती स्वयंपाकघरातून काही सांगायची, मला आवाज यायचा, मी "हं" म्हणायचो. चार वेळा "काय?" विचारलं की ती चिडायची, म्हणून मी "काय" विचारणं सोडलं आणि सगळ्याला "हं" म्हणायला लागलो. तिच्या मावसबहिणीचा नवरा गेल्याचं तिनं सांगितलं, त्यालाही मी "हं" म्हटलं आणि पेपर वाचत बसलो. ती तिथून उठून गेली. ते मला संध्याकाळी सुनेकडून कळलं.

पुढे मुलानं बळंच कानाच्या डॉक्टरकडे नेलं. तपासणीचा आलेख समोर ठेवून त्यांनी समजावलं ते सगळ्यांसाठी सांगतो. वयाबरोबर आधी जातात ते बारीक, उंच पट्टीचे सूर. म्हणजे बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज. आणि व्यंजनांपैकी स, श, फ, थ, ख यांसारखी. स्वर खालच्या पट्टीतले, ते ऐकू येतात. म्हणून माणूस म्हणतो, "मला आवाज येतो, मी बहिरा नाही." आवाज येतोच, शब्द कळत नाहीत. त्यात नळ चालू, कढईत फोडणी, पंखा. माझ्या मित्रांचं मला व्यवस्थित ऐकू यायचं आणि बायकोचं नाही, यामुळे तिचा समज पक्का होत गेला की मी मुद्दाम करतो.

कानाला मशीन लावलं. आता सुरळीत होईल असं वाटलं होतं. झालं नाही. मला ऐकू यायला लागलं, पण तिनं सांगणं सोडलेलं होतं. त्या सहा-सात वर्षांत तिला सवय लागली होती, अर्धं बोलून म्हणायची, "जाऊ दे, काही नाही." मोठ्या गोष्टी माणूस ओरडून पुन्हा सांगतो. भाजीवाल्याच्या गाडीवर मांजरीनं पिलं घातली, हे कोण तीनदा ओरडून सांगेल? आणि संसारातलं निम्मं बोलणं तर असल्याच गोष्टींचं असतं.

तिला परत बोलती करायला मला वरीस लागलं. ती काही सांगायला लागली की मी उठून त्या खोलीत जातो, तिच्या तोंडासमोर उभा राहतो. दिवा तिच्या चेहऱ्यावर हवा, ओठ दिसायला. कृष्णाकाठ, तुमच्या यजमानांचं वय विचारत नाही, पण पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकानं एकदा कान तपासून घ्यावेत अशी माझी कळकळीची विनंती आहे.

बंदरावरची

आजोबा, नमस्कार करते तुम्हाला. "जाऊ दे, काही नाही" हे माझ्या आईचं वाक्य आहे.

मी रत्नागिरीची. नवरा बोटीवर असतो, मर्चंट नेव्ही. सहा ते नऊ महिने बाहेर, तीन-चार महिने घरी. पूर्वी बोट बंदराला लागली की फोन, नाहीतर सॅटेलाइट फोनची कार्डं, ती महाग. आता बोटीवर वायफाय असतं, व्हिडिओ कॉल होतो. सगळ्यांना वाटतं आता तर रोज बोलता, प्रश्नच मिटला.

अवघड असतो तो दुरावा नाही, त्याची सवय होते. अवघड असतात साइन ऑफ करून घरी आल्यानंतरचे पहिले पंधरा दिवस. मी मुलाची शाळा बदललेली असते, विहिरीचा पंप बदललेला असतो, दिराशी वाद होऊन मिटलेलाही असतो. त्याला एकेक गोष्ट कळत जाते आणि तो विचारतो, "मला का नाही सांगितलंस?" मी सांगितलं नाही कारण तेव्हा तो समुद्रात होता, काही करू शकला नसता, उगाच त्याचा जीव टांगणीला. आणि त्यानंही तिकडचं वादळ मला सांगितलेलं नसतं, त्याच कारणानं. एकमेकांना जपण्यासाठी न सांगितलेल्या गोष्टींचा असा मोठा ढीग होतो आणि तो घरी आला की आम्ही दोघं त्याला अडखळतो.

यावरून माझ्या आजीचं सांगायचं आहे, थोडं लांबेल.

आजोबा गिरणीत होते, परळला. लालबाग-परळच्या खोल्यांत आमच्याकडचे वीस-वीस पुरुष पाळीपाळीनं झोपायचे, जेवायला खानावळ. आजी गावाला, दोन खंडी भाताची शेती आणि चार पोरं. आजोबा वर्षातून दोनदा यायचे, शिमग्याला आणि गणपतीला. बाकी वर्षभर दोघांच्यात होती ती मनीऑर्डर. मनीऑर्डरच्या फॉर्मखाली संदेशाला बोटभर जागा असायची, त्यात आजोबा लिहायचे. आजीला वाचता येत नसे, म्हणून पोस्टमन पडवीत बसून मोठ्यानं वाचायचा, आणि सासू, जावा, पोरं सगळी ऐकायची. सांगा, नवरा त्यात काय लिहिणार? "पैसे पाठवले आहेत. आईच्या औषधास द्यावे. पाऊस कसा आहे." तीस वर्षं त्यांचं बोलणं असं, चारचौघांत वाचून दाखवण्याजोगं.

१८ जानेवारी १९८२ ला संप लागला. वर्ष झालं, दीड वर्ष झालं, गिरणीत परत घेण्याचं चिन्ह दिसेना आणि आजोबा वळकटी घेऊन गावाला आले ते कायमचे. आजी सांगायची, "माणूस घरात आला नि मला कळेना याच्याशी बोलायचं काय." लग्नाला पंचवीस-तीस वर्षं झालेली, पण सगळे मिळून दिवस मोजले तर पाच वर्षंसुद्धा सोबत काढलेली नव्हती. त्यांना आमटी कशी आवडते ते तिला ठाऊक नव्हतं, खानावळीच्या चवीची जीभ झालेली. ते परड्यात बसून राहायचे, संपाचं काही बोलायचे नाहीत. ती विचारायची नाही.

मग दोघांनी मिळून बोलायला सुरुवात केली ती कशावरून, तर नांगरावरून. आजोबांना शेतातलं काही येत नव्हतं. आजी शिकवायला लागली, बैल कसा वळवायचा, तरवा, म्हणजे भाताची रोपं, कधी काढायचा. आजी म्हणायची की नवऱ्याला पहिल्यांदा "असं नाय, तसं कर" म्हटलं ते चिखलात उभं राहून. अरेतुरे. घरात परत 'अवो'. ताई, तुमचा 'तू' कागदावर होता, माझ्या आजीचा शेतात होता. म्हणून एवढं लिहिलं.

अमरावतीकर

सगळ्यांचं वाचलं. मनात आलं ते लिहितो, राग नसावा.

माझे मायबाप कास्तकार. कपाशी आन तूर. त्यांना मी कधी बसून गप्पा मारताना पाहिलं नाही. सकाळी बाबा निघताना माय शिदोरी दाराशी ठेवायची, ते उचलायचे. संध्याकाळी माय म्हणे, "आभाळ भरून आलं वाटते." बाबा म्हणत, "हाव." झालं बोलणं. पण बोंडअळीनं पीक गेलं त्या साली बाबा आठ दिवस जेवले नाही, तर मायही जेवली नाही. तिनं एक शब्द समजावलं नाही. नवव्या दिवशी बाबांनी ताट ओढलं आन तिच्याकडे सरकवलं. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. त्यापेक्षा मोठं बोलणं मी अजून पाहिलं नाही.

म्हणून वाटते, आपण आता बोलण्याला फारच महत्त्व देऊन रायलो. दूध, गॅस, गोळी हे मेसेज म्हणजे प्रेमच आहे ना? आईंची गोळी संपली हे तो लक्षात ठेवते.

पिंपळपान

अमरावतीकर दादा, तुमच्या आईवडिलांबद्दल वाचून गलबलून आलं. तुमच्या घरच्या शांततेबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण प्रत्येक घरातली शांतता तशी नसते, हे इथे लिहिलं गेलं पाहिजे.

माझी आईही बोलायची नाही. नातेवाईक म्हणायचे, किती समजूतदार जोडपं, कधी आवाज नाही. आवाज नव्हता कारण वडील अबोला धरायचे. भाजीत मीठ जास्त झालं, तीन दिवस. माहेरी एक दिवस जास्त राहिली, अकरा दिवस. एकाच घरात, एकाच ताटलीतली चटणी घेत. निरोप माझ्यामार्फत. "बाबांना सांग, पाणी तापलंय." "आईला सांग, मला नको." मी सात वर्षांची होते आणि दोन मोठ्या माणसांच्या मध्ये ये-जा करत होते. आई प्रत्येक वाक्य बोलण्याआधी वडिलांचा चेहरा बघायची.

वडील २०१४ मध्ये गेले. त्यानंतर आई बोलायला लागली. शेजारणींशी, माझ्याशी, रिक्षावाल्याशीसुद्धा. तिला नकला करता येतात, हे मला चाळिसाव्या वर्षी कळलं. तिच्यात एवढं बोलणं होतं आणि ते चाळीस वर्षं तिनं दाबून ठेवलं होतं.

माझ्या संसारात मी एकच गोष्ट नवऱ्याला लग्नाआधी सांगितली, भांड, ओरड, पण अबोला नको. चिडलो की आम्ही म्हणतो, "मला एक तास दे." तास झाला की परत येऊन बसायचं. तो तास मोजलेला असतो, हाच काय तो फरक.

मधलीवाट

मी कौटुंबिक समुपदेशक म्हणून काम करते, बावीस वर्षं झाली. पिंपळपान यांनी लिहिलं ते रोज बघते. अबोला हा आपल्याकडे राग व्यक्त करायचा सभ्य प्रकार समजला जातो. तो सभ्य नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शाब्दिक आणि भावनिक छळसुद्धा हिंसाचारात धरलेला आहे. ज्यांना घरात बोलायचीच भीती वाटते त्यांच्यासाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. त्यांना माझं पुढचं लिहिणं लागू नाही. तिथे आधी भीती जायला हवी.

बाकीच्यांसाठी थोडं सविस्तर.

अमेरिकेत सिएटलला जॉन गॉटमन नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं जोडप्यांचं बोलणं टिपून ठेवलं. एका अभ्यासात नवविवाहित जोडप्यांना घरासारख्या सजवलेल्या जागेत दिवसभर राहायला सांगितलं आणि बघत राहिले. त्यांनी काय मोजलं, तर आपल्या भाषेत ज्याला आपण हाकेला ओ देणं म्हणतो ते. एकानं खिडकीतून बघून म्हटलं, "कसली मोठी बोट चाललीय." ही हाक. दुसऱ्यानं मान वर करून बघितलं, किंवा "कुठे?" म्हटलं, ही ओ. सहा वर्षांनी पुन्हा गाठलं तेव्हा जी जोडपी एकत्र टिकली होती त्यांनी शंभरातल्या ८६ हाकांना ओ दिली होती. जी वेगळी झाली होती त्यांनी ३३ हाकांना. तिकडची माणसं, तिकडची घरं, आकडे जसेच्या तसे आपल्याला लावू नयेत. पण माझ्यासमोर बसणाऱ्या जोडप्यांत मला हेच दिसतं. हाक कुठली मोठी नव्हती आणि ओ द्यायला फार काही लागत नव्हतं.

अमरावतीकर, या दृष्टीनं तुमच्या आईवडिलांचं बघा. "आभाळ भरून आलं वाटते" ही हाक. "हाव" ही ओ. एका शब्दाची, पण रोज आणि न चुकता. तुमच्या घरी बोलणं कमी नव्हतं. शब्द कमी होते. आणि गोदाकाठच्या आजोबांचा "हं" ही ओ नव्हती, ते त्यांनी स्वतःच किती नेमकं सांगितलंय.

कृष्णाकाठ, तुमचा पावसाचा फोटो ही हाक होती. तिला ओ आली नाही. मला तुमच्या दोनशे याद्यांची काळजी वाटत नाही, याद्या प्रत्येक घरात लागतात. काळजी त्या एका फोटोची वाटते, आणि त्याहून जास्त याची, की त्यानंतर तुम्ही दुसरा फोटो पाठवला का?

गॉटमन यांचंच दुसरं एक निरीक्षण, जोडप्यांमधले जवळपास ६९ टक्के वाद कायमचे असतात, सुटत नाहीत. खर्च, माहेर-सासर, टापटीप, वेळ पाळणं. वीस वर्षांनीही तेच. माझ्याकडे येणाऱ्यांना हे ऐकून आधी धक्का बसतो आणि मग हायसं वाटतं. तो वाद कोणत्या शब्दानं सुरू होतो ते मात्र बदलता येतं. "गाडीचा हप्ता राहिला, मला धास्ती वाटते" आणि "तुला कधी कशाची जबाबदारी कळलीय?" यांतलं दुसरं वाक्य उच्चारलं की पुढची अर्धी रात्र गेलीच.

एकत्र कुटुंबाबद्दल जाताजाता. सासू-सासऱ्यांच्या घरात नवरा-बायकोला बोलायला जागा नसते, हा मला कमी लेखला गेलेला प्रश्न वाटतो. रात्री दार लावल्यावर हळू आवाजात जे काय होईल ते. कुजबुजत फक्त कामाचं बोलता येतं. कृष्णाकाठ, तुमचा 'तू' बहुधा त्या घरात मावला नाही.

रात्रपाळी

@मधलीवाट, "शब्द कमी होते" हे वाचून मी आईला फोन लावला. धन्यवाद.

तळ्याकाठी

बरेच दिवस नुसता वाचतो, आज लिहितो.

पत्नीला मागच्या वर्षी मेंदूच्या डाव्या भागात झटका आला. उजवा हात थोडा सावरला, वाचा गेली. तिला सगळं समजतं, मनातलं बाहेर येत नाही. पाणी हवं असेल तर "ते… ते…" म्हणते आणि डोळ्यांत पाणी येतं. स्पीच थेरपिस्टनी सांगितलं की जुनं पाठ असलेलं कधी कधी शाबूत राहतं, आकडे, आरत्या, गाणी, ते त्यांच्यासोबत म्हणा. मी रोज म्हणायला लागलो. "सुखकर्ता दुःखहर्ता" तिनं पूर्ण म्हटलं. मग एक दिवस मी आमच्या लग्नातल्या उखाण्याची पहिली ओळ म्हटली. तिनं दुसरी म्हटली, माझ्या नावासकट.

३८ वर्षांत तिनं माझं नाव उखाण्यापलीकडे घेतलेलं नाही. आता माझं नाव तेवढं एकाच वाटेनं तिच्या तोंडी येतं. रोज संध्याकाळी आम्ही तो उखाणा म्हणतो. पुढे अजून काय परत येतंय ते बघायचं.

बंदरावरची

तळ्याकाठी, काय लिहू. तुमच्या पत्नींना लवकर बरं वाटो.

गोदाकाठचा आजोबा

तळ्याकाठी, धीर सोडू नका. माझ्या मोठ्या भावाला असंच झालं होतं. दीड वर्षांनीही नवे शब्द येत होते. व्यायाम बंद करू नका, आणि त्यांच्याऐवजी वाक्य पुरं करायची घाई करू नका.

कृष्णाकाठ

धागा वर काढते आहे. नऊ दिवस झाले.

@मधलीवाट, नाही, दुसरा फोटो पाठवला नव्हता. तुमचा प्रश्न वाचून मी खूप वेळ बसून राहिले.

पत्रांचा गठ्ठा मी काही न बोलता यांच्या उशाशी ठेवला होता. त्यांनी तो गॅलरीत नेऊन वाचला. चष्मा दोनदा पुसला एवढं मी आतून बघितलं. दोन दिवस काहीच बोलले नाहीत. माझ्या मनात आलंच, झालं, हेही गेलं यादीत.

तिसऱ्या दिवशी रात्री जेवताना म्हणाले, "त्या मुलीचं पुढे काय झालं गं?"

मला कळेना कुठली मुलगी. १९९७ च्या तीन पत्रांत मी एका मुलीबद्दल लिहिलं होतं. तिसरीत होती, धाकट्या भावाला कडेवर घेऊन शाळेत यायची, कारण आई द्राक्षबागेत कामाला. तो रडला की वर्ग थांबायचा. गुरुजी म्हणत होते, पोराला आणू देऊ नका. मी म्हणत होते, मग तीही यायची बंद होईल. मी तीन पत्रांत तेच लिहिलं होतं, काय करू, काय करू. यांनी उत्तरात बॉयलरचं आणि चंद्रपूरच्या उन्हाचं लिहिलं होतं. तेव्हा मला राग आला होता, तोही पुढच्या पत्रात आहे. आता म्हणाले, "तेव्हा मला काय लिहावं सुचलं नाही. दोनदा लिहून फाडलं. मग बॉयलरचं लिहिलं."

मी सांगितलं. मुलगी चौथीनंतर गेली, लग्न लवकर झालं. २०११ मध्ये मिरजेच्या स्टँडवर तिनंच मला ओळखलं, पाया पडली. आशा सेविका झाली होती, निळी बॅग खांद्याला. तिचा तो धाकटा भाऊ, वर्गात रडणारा, आयटीआय करून कुपवाडला कंपनीत लागलाय. आणि तिची मुलगी तीन वर्षं माझ्याच वर्गात होती, गणितात हुशार, आता अकरावीला आहे.

हे ऐकता ऐकता ते जेवायचे थांबले होते. म्हणाले, "एवढं सगळं झालं, आणि मला माहीतच नाही?"

२०११ पासून मला माहीत होतं. मी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी स्टँडवरून घरी येताना सांगायचं ठरवलं होतं, हे आठवतं. घरी आले तर सासऱ्यांचा ताप वाढला होता. दुसऱ्या दिवशी ते विरलं. असं किती काय विरलं असेल, मी इथे येऊन फक्त त्यांच्या न विचारण्याचं लिहिलं होतं.

भांडी तशीच राहिली. सासूबाई आतून दोनदा म्हणाल्या, अजून जागेच का. बोलता बोलता मी एकदा म्हणून गेले, "तू बघायला हवं होतंस तिला." त्यांनी मान वर केली नाही, कढीची वाटी जवळ ओढली आणि म्हणाले, "मग पुढे?"